गंज प्लॅस्टिकला चढत नाही

लातूरहून एका वाचकाने लिहिलं आहे:

"आम्ही सहा मित्र पंचवीस मिनिटांचा लघुपट करतोय. साल २०८०. शहरात पाण्याचं रेशनिंग आहे आणि 'जलवाटप कक्ष' नावाचं खातं माणशी पाणी मोजून देतं. बंद पडलेल्या जिनिंग मिलचं एक गोडाऊन मालकांनी वापरायला दिलं आहे, शूटिंग चार दिवसांचं. दीड लाखांपैकी चाळीस हजार खर्च झाले. भिंतींवर काळा-करडा स्प्रे मारला, थर्माकोलचे पाइप करून चंदेरी रंगवले, निळ्या एलईडी पट्ट्या लावल्या, प्लॅस्टिकच्या ड्रमांना गंजाचा रंग दिला. टेस्ट बघितली तर गणपती मंडळाचा देखावा वाटतो. कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा, लेन्स ३५ मिमीची. हातात चौदा दिवस. पहारेकऱ्यांच्या बंदुका अजून करायच्यात. आमचं कुठे चुकलं?"

देखाव्याला नावं ठेवू नका. मंडळाचा देखावा दहा-पंधरा फुटांवरून, रंगीत दिव्यांत आणि पुढे सरकणाऱ्या रांगेतून बघायचा असतो, आणि त्या अंतराला तो चोख बसतो. कॅमेरा मात्र दोन फुटांवर येऊन ठाण मांडतो. थर्माकोलचा दाणा, सनबोर्डची कड, स्प्रेचा ओघळ, सगळं टिपून घेतो. त्यात चंदेरी रंग कॅमेऱ्याला धातू वाटत नाही, बेगड वाटतो.

खरी गोम तुमच्या पत्रातल्या एका वाक्यात आहे: प्लॅस्टिकच्या ड्रमांना गंजाचा रंग दिला. प्लॅस्टिक गंजत नाही. उन्हाने ते पांढुरकं पडतं, ठिसूळ होतं, तडकतं. मग कोणीतरी तापल्या सळईने तडा सांधतं, वरून एम-सील लावतं, तुटलेल्या कानाच्या जागी तारेचा फास करतं. निळा ड्रम मराठवाड्यातल्या प्रत्येक प्रेक्षकाच्या ओळखीचा आहे. त्यावर गंज दिसला तर नेमकं काय चुकलं हे त्याला सांगता येणार नाही, पण हे खोटं आहे एवढं त्याला लगेच कळेल. तुम्ही आधी 'डिस्टोपियन दिसलं पाहिजे' असं ठरवलंत आणि मग ते दिसणं हाताला लागेल त्या वस्तूवर फासलंत. आता उलट्या टोकाने या.

आज संध्याकाळी ब्रश बाजूला ठेवा आणि एक पान लिहा. या शहरात पाणी कुठून येतं, ते कोण मोजतं, आणि वस्तू मोडली की ती कोण व कशाने दुरुस्त करतं, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरं. सेटवरची प्रत्येक वस्तू त्या पानातून निघायला हवी. पाणी मोजून मिळतं म्हणजे फरशी पुसली जात नाही, झाडली जाते. कोपऱ्यात धूळ साचते आणि मधली पायवाट तेवढी गुळगुळीत राहते. भांडी राखेने घासून कोरडीच पुसली जातात, म्हणजे पातेल्यांशेजारी राखेचा डबा आला. कपडे धुण्याऐवजी उन्हात टाकून झटकले जातात, म्हणजे दोरी आहे पण बादली नाही. नळाच्या जागी भिंतीत भोक आणि त्यात ठोकलेली लाकडी गुडदी. कुंडी आहे, रोप नाही, कुंडीत खिळे ठेवलेत. असं पान लिहून झालं की खरेदीची यादी निम्म्यावर येते.

तुम्ही तर लातूरचे. संदर्भासाठी परदेशी चित्रं धुंडाळायची गरजच काय? २०१६ च्या मार्चमध्ये तुमच्याच शहरात पाणी भरण्याच्या जागांवर जमावबंदीचं कलम १४४ लागलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' ही पाण्याची रेल्वेगाडी आली, पहिल्या खेपेला दहा वॅगन, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी. त्या वेळचे फोटो घरोघरच्या जुन्या फोनमध्ये सापडतील, ते मागून घ्या. माणसांच्या जागी रांगेत ठेवलेल्या घागरी, घागरीवर तैलरंगाने टाकलेलं नाव, टाकीच्या झाकणाचं कुलूप, गळक्या नळीला गुंडाळलेली सायकलची ट्यूब, हे बारकावे शोधा. तुमचं २०८० म्हणजे यातलं काय कायमचं झालं आणि त्याला कोणता छापील फॉर्म चिकटला, इतकंच.

आता किती भिंत बांधायची ते ठरवू. नवख्या गटांचा पैसा इथेच वाया जातो, कारण चारही भिंती बांधल्या जातात. हिशेब सोपा आहे. कॅमेऱ्याचं भिंतीपासूनचं अंतर गुणिले सेन्सरची (कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या भागाची) रुंदी, भागिले लेन्सची फोकल लेंथ, म्हणजे लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ मिमी रुंद असतो. तुमच्या ३५ मिमीच्या लेन्सला १५ फुटांवरून जेमतेम १० फूट रुंद आणि साडेपाच-पावणेसहा फूट उंच एवढीच चौकट दिसते. २० फुटांवरून साधारण साडेतेरा फूट रुंद आणि साडेसात फूट उंच. म्हणजे काटकोनात दोन भिंती पुरे. एक १६ फुटांची, एक १२ फुटांची, उंची ८ फूट. कॅमेरा वर कलला तर भिंतीच्या वरचं गोडाऊन दिसेल. तिथे शेडनेट ताणा. उन्हाने होरपळलेल्या शहरात माणसं डोक्यावर शेडनेट बांधणारच, आणि तुमच्याकडे ते कोणत्याही शेती केंद्रात मिळतं.

या दोन भिंतींना ८ × ४ फुटांचे सात फ्लॅट, म्हणजे भिंतीचे सुटे तुकडे, लागतील. ६ मिमी प्लायच्या सात शीट आणि मागे २ × १ इंची पट्टीची चौकट. एका फ्लॅटला दोन उभ्या आठ फुटी आणि दर दोन फुटांवर एक याप्रमाणे पाच आडव्या चार फुटी, म्हणजे ३६ फूट पट्टी. सातांचे २५२ फूट. टेकूंचे प्रत्येकी दहा धरले तर ७० आणखी. तूट धरून साडेतीनशे फूट आणा. आडव्या पट्ट्यांमधलं अंतर दोन फुटांपेक्षा जास्त ठेवलं की प्लाय मधे फुगतो, आणि बाजूने दिवा पडला की ते पोट कॅमेऱ्यात लाटेसारखं दिसतं. टेकू साडेपाच फुटांवर जोडा, खालचा पाय साडेतीन फूट मागे न्या, आणि प्रत्येक पायावर १५ ते २० किलोची वाळूची गोणी टाका. दार असलेल्या फ्लॅटला दोन्ही अंगांनी टेकू हवेत. दार आपटलं आणि भिंत थरथरली, की तो टेक गेलाच. दाराला बिजागरी आणि कडी खरी लावा, हलकी खेळण्यातली नको. एक फ्लॅट खिळ्यांऐवजी नटबोल्टने जोडा, म्हणजे तो उचलून कॅमेरा आत नेता येईल.

दोन फ्लॅटमधली सांध ही सेटची सर्वांत मोठी चुगलखोर. नुसती पुट्टी भरली तर दुसऱ्या दिवशी तिथे सरळ चीर पडते, कारण प्लाय हलतो आणि पुट्टी हलत नाही. मांजरपाटाची तीन इंची पट्टी निम्मं पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून सांधीवर चिकटवा, वाळली की त्यावर पुट्टी. उचलत्या फ्लॅटची सांध अशी बुजवता येत नाही. ती सांध पाइपाच्या किंवा वायरिंगच्या पट्टीच्या मागे येईल अशीच आखणी करा.

भिंतीला पोत द्यायला चाळीस किलोची पुट्टीची एक गोणी पुरते. सगळीकडे सारखी थापू नका. दारालगत, कोपऱ्यात, तळाच्या दोन फुटांत जाड, बाकी नुसता हात फिरवा. प्लायवर तडकू नये म्हणून पाण्यात थोडं फेविकॉल घाला आणि एका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा जाड थर देऊ नका. काँक्रीट दाखवायचं असेल तर खऱ्या स्लॅबकडे जरा टक लावून बघा. सेंट्रिंगच्या फळ्यांच्या सांधी त्यावर उमटलेल्या असतात, काही ठिकाणी खडी उघडी पडलेली असते. ओल्या पुट्टीवर फळीची कड दाबून त्या रेषा काढता येतात. ही एक गोष्ट केली तरी भिंत थर्माकोलच्या जगातून बाहेर येते.

रंगाबद्दल एकच आग्रह: काळा स्प्रे टाकून द्या. कॅमेऱ्यात तो डाग नाही, भोक दिसतो. पाच लिटर पांढरं इमल्शन तीन बादल्यांत वाटा आणि काळ्या, यलो ऑक्साइड (पिवळसर) व बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) स्टेनरने, म्हणजे रंगात मिसळायच्या द्रव्याने, तीन छटा करा. एक फिकट, एक मध्यम, एक किंचित तांबूस. तिन्ही ओल्या असतानाच एकमेकींत मिसळत लावा. वाळल्यावर मळ चढवायचा. तो रंगाच्या दुकानातल्या सुट्या पुडींतून स्वस्तात होतो, काव, पिवडी, गेरू आणि काजळी. एक भाग रंग, आठ भाग पाणी, आणि लिटरमागे दोन चमचे फेविकॉल. फेविकॉल विसरलात तर भिंतीला पाठ टेकलेल्या नटाच्या सदऱ्यावर भिंत उमटेल आणि पुढच्या शॉटमध्ये तो डाग कुठून आला हे कोणालाच सांगता येणार नाही.

मळाचा क्रम महत्त्वाचा. आधी वस्तू नवी करकरीत असल्यासारखी पूर्ण रंगवा. मग झीज: कडीभोवती, दाराच्या कडेला हात पोचतो तेवढ्या उंचीवर, बाकावर बसणाऱ्यांचे खांदे टेकतात त्या पट्ट्यात. मग दुरुस्ती: पत्र्याचं ठिगळ, वेगळ्या रंगाच्या पुट्टीचा डाग, तारेची शिवण. मग खाचांतला मळ. मग ओघळ, आणि ते फक्त जिथून पाणी खरंच उतरेल तिथून, खिडकीच्या चौकटीखालून, छताच्या बोल्टखालून. टंचाईच्या मुलखातही वळवाचा पाऊस झोडपून जातोच, त्यामुळे जुने ओघळ असायला हरकत नाही. सगळ्यात शेवटी धूळ, आणि ती फक्त आडव्या पृष्ठभागांवर. तुमच्या टेस्टमध्ये मळ वरपासून खालपर्यंत एकसारखा असणार. हा क्रम न पाळल्याचा तो परिणाम. दुरुस्तीच्या पायरीवर हवा तेवढा वेळ घालवा. भकास जगात माणसं राहतात हे ठिगळांवरून कळतं, नुसत्या घाणीवरून जागा ओसाड वाटते.

थर्माकोलचे पाइप काढा. स्प्रेतला द्रव थर्माकोल खातो, रबरी गोंदही खातो, म्हणून तुमच्या पाइपांना खड्डे पडले असणार. त्याऐवजी चार इंची पीव्हीसी पाइप भंगारातून आणा, ठिबकच्या जुन्या १६ मिमी नळ्या वायरींसाठी वापरा, शेततळ्याच्या अस्तराचं काळं जाड प्लॅस्टिक मिळालं तर पडदे, पन्हळी आणि पहारेकऱ्यांचे एप्रन त्यातच होतील. तुमच्या परिसरात हा माल जागोजागी पडलेला आहे, आणि पाणी साठवण्याच्या गोष्टीत तो आपसूक शोभतो. गुळगुळीत पीव्हीसीवर रंग टिकत नाही. आधी १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, स्पिरिटने पुसा, प्रायमर मारा, मग रंग. पाइपाच्या जोडावर १२ मिमी प्लायची गोल चकती आणि तिच्यावर आठ खरे नट चिकटवले की ओतीव फ्लँज, म्हणजे दोन पाइप जोडणारी चकती, तयार. लोखंडाचा भास हवा असेल तर काळसर मॅट रंगावर ग्राफाइटची पूड बोटाने फक्त कडांवर चोळा. चंदेरी डबा कोणाला तरी देऊन टाका.

गंज हवाच असेल तर तो लोखंडावर आणा, आणि खरा आणा. पत्रा आधी घासून तेलकटपणा काढा. ३ टक्क्यांचं अर्धा लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड, ६० मिली व्हिनेगर, अर्धा मोठा चमचा मीठ एकत्र करून उघड्यावर फवारा. काही मिनिटांत तांबूस फेस येतो. वाळू द्या, पुन्हा फवारा, तीन-चार वेळा. जस्ताचा थर असलेल्या (जीआय) पत्र्यावर आणि स्टेनलेस स्टीलवर हे चालत नाही. 'प्रयोग फसला' म्हणणाऱ्या बहुतेकांनी जीआयचा पत्रा वापरलेला असतो. हातमोजे आणि चष्मा घाला. उरलेलं मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नका, वायू साठून बाटली फुटते. जवळपास ब्लीचिंगचं काहीही नको. गंज धरला की वर मॅट क्लिअरचा (बिनरंगी, न चकाकणाऱ्या लेपाचा) हात द्या, नाहीतर तो कपड्यांना लागतो.

जुना रंग उडालेला पत्रा दाखवायचा असेल तर गंजावर मेणबत्ती कडाकडांनी आणि बोल्टांभोवती घासा, वरून रंग मारा, वाळल्यावर कापडाने पुसा. मेणाच्या जागचा रंग सुटून येतो.

आता बंदुका. तुमच्या कथेत त्या कशासाठी आहेत? जलवाटप कक्षाची सत्ता मीटरमध्ये आहे, आणि मीटर सील करणाऱ्याच्या हातात सील-पक्कड असते. कंबरेला पक्कड, काखेत नोंदवही, कानामागे पेन्सिल असा माणूस दारात उभा राहिला आणि घरातली बाई न सांगता ड्रमसमोरून बाजूला झाली, की बंदुकीची उणीव भासत नाही. स्वस्तही पडतं. तरीही बंदूक हवीच असेल तर १० मिमी ईव्हीए फोमच्या (रबरासारख्या मऊ शीटच्या) दोन थरांतून कापा, बाहेर नेताना झाकून न्या आणि शूटिंगची लेखी सूचना आधी पोलीस ठाण्यात द्या. रस्त्यावर बंदूक फोमची आहे हे लांबून कळत नाही.

सील मात्र भरपूर करा. तोडण्याचा प्रसंग तीन शॉटमध्ये घेणार असाल आणि प्रत्येकाचे सहा टेक धरले तर अठरा लागतात, तीस करा. खरं शिसं हाताळू नका. एम-सीलची करवंदाएवढी गोळी तारेवर दाबायची, पूर्ण घट्ट व्हायच्या आत कोरलेल्या रबरी शिक्क्याचा ठसा उठवायचा आणि वाळल्यावर वर ग्राफाइट चोळायचं. तोडायच्या सीलची तार पातळ तांब्याची घ्या, लोखंडी तार नटाच्या बोटांना कापते.

नायिकेच्या अंगावर काय असावं असं तुम्ही पत्रात विचारलेलं नाही, पण सुचवतो. घरगुती नळाचं १५ मिमीचं पितळी पाणीमीटर भंगारात मिळतं. काळ्या-लाल आकड्यांची तबकडी, आत फिरणारी बारीक चांदणी, उचलायचं पितळी झाकण, हे सगळं तयार आहे आणि पडद्यावर त्याला तोड नाही. माणशी एक मीटर, पट्ट्याला बांधलेलं. ते जड असतं, म्हणून गळ्यात नको, कंबरेला द्या, आणि जवळच्या शॉटपुरतंच वापरा. लांबच्या शॉटसाठी प्रती काढा. रबरी साचा करून त्यात पीओपी ओतलं तरी चालतं. पळण्या-पडण्याच्या प्रसंगाला फोमची मऊ प्रत हवीच, पीओपी फुटून बरगडीत घुसतं. रेझिनने प्रती काढायच्या ठरल्या तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पॉलिएस्टर रेझिनचा कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचा, मग दुसरा. हे नवख्याचं काम नाही. जमत असेल तर मूर्तिकाराच्या कारखान्यातून करून घ्या. हे आणि साचेकाम दोन्ही तिथे रोजचंच असतं.

कागद आणि पाट्या यांवर बहुतेक गट शेवटच्या रात्री येतात, आणि पडद्यावर सर्वांत जास्त वेळ तेच दिसतात. तुमचं जग सरकारी आहे, म्हणून त्याची भाषाही सरकारी हवी. शिधापत्रिका महाराष्ट्रात पिवळी, केशरी आणि पांढरी असते. त्याच धर्तीवर तुमच्या 'जलपत्रिके'चे तीन रंग ठरवले की कोणाच्या वाट्याला किती पाणी, हे प्रेक्षकाला न सांगता समजतं. जावक क्रमांक, जांभळ्या शाईचा गोल शिक्का, 'सक्षम प्राधिकारी यांच्या मान्यतेने', खोडून वर केलेली सही, एवढं आलं की कागद जिवंत होतो. राजमुद्रा वापरू नका. तिच्या गैरवापराला बंदी घालणारा २००५ चा कायदा आहे. स्वतःचं चिन्ह काढा, एक थेंब आणि त्याभोवती वर्तुळ एवढंही पुरे. खऱ्या नोटेसारखी दिसणारी नोट छापणं हाही गुन्हा आहे, तेव्हा चलन दाखवायचं असेल तर कूपनं दाखवा.

छपाई लेझर प्रिंटरवरच करा. इंकजेटची शाई चहाच्या पाण्यात पसरते. अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे चहापत्ती उकळून गाळा, कागद मिनिटभर बुडवा, सपाट वाळवा, इस्त्री करा. जास्त वेळ ठेवलात तर गुप्तधनाचा नकाशा होतो. घड्या खऱ्या पाडा, एक दिवस कोणाच्या तरी खिशात वागवा. फाडायच्या कागदाच्या किमान आठ प्रती हव्यात.

पाट्यांसाठी स्टेन्सिल करणार असाल तर देवनागरीची एक गंमत आहे. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, आपली शिरोरेषेला टांगलेली. शब्द सलग कापला की वरची पट्टी एकच लांब फट होते, आणि शीट तिथून लोंबायला लागते. शिरोरेषेत दर अक्षराच्या मधे ३-४ मिमीचा पूल, म्हणजे न कापलेला तुकडा, सोडा. ठ, ध, छ, व, क यांच्या पोटांनाही पूल लागतात, नाहीतर पोट गळून पडतं. हे पूल पुसायच्या भानगडीत पडू नका, टँकरवरच्या आणि गोण्यांवरच्या अक्षरांत ते तसेच दिसतात. ब्रश जवळजवळ कोरडा ठेवा. ओला असला की रंग शीटखाली शिरतो. एक-दोन पाट्या मात्र गावातल्या पेंटरकडून हाताने रंगवून घ्या. संगणकाचा फाँट आणि हाताचं वळण एकत्र दिसलं की वाटतं, हे खातं बरीच वर्षं चालू आहे.

निळ्या पट्ट्यांचं काय? आधी त्या कुठून वीज घेतात हे तुमच्या पानात शोधा. उत्तर नसेल तर काढा. ठेवणार असाल तर डिमरवर चालवू नका. स्वस्त डिमर दिवा भराभर चालू-बंद करून उजेड कमी करतो, आणि कॅमेऱ्यात आडवे पट्टे सरकतात. उजेड कमी करायचा असेल तर पट्टी आखूड करा किंवा वर ट्रेसिंग पेपर लावा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम घेताना शटर १/५० सेकंद ठेवा. २४ फ्रेमवर शूट करत असाल तरी १/५० च. जुना मॉनिटर दाखवायचा असेल तर त्याचा रिफ्रेश (सेकंदाला चित्र नव्याने उमटण्याचा दर) ५० वर आणून बघा. येत नसेल तर शटर १/६० करून बघा, आणि त्या शॉटमध्ये ट्यूबलाइट ठेवू नका.

मिलबद्दल जरा कठोरपणे सांगतो. जिनिंगच्या जागेत छताच्या कैच्यांवर, फटींत कापसाचं बारीक तूस वर्षानुवर्षं बसलेलं असतं आणि ते क्षणात पेटतं. पहिला दिवस फक्त झाडण्यात जाऊ द्या. आत वेल्डिंग नको, ग्राइंडर नको, धुरासाठी लोबान तर अजिबात नको. दोन अग्निशामक नळकांडी आणि वाळूच्या बादल्या दाराजवळ ठेवा. छत जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचं असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरा. त्याला भोक पाडू नका, तुटलेला तुकडा 'छान दिसतोय' म्हणून सेटवर आणू नका. जमिनीवर टाकायच्या धुळीसाठी चाळलेली मुलतानी माती वापरा. सिमेंट किंवा पीओपीची पूड घामात आणि डोळ्यांत जळजळते. माती उधळताना कॅमेऱ्यामागच्यांनीही मास्क लावायचा.

आणि आवाज. आवाज जागेवरच घेणार असाल तर रंगवलेला पीव्हीसी पाइप आपटल्यावर 'टप्प' करतो आणि तुमचा फ्लँज उघडा पडतो. ज्याला हात लागणार, ते खऱ्या धातूचं ठेवा. प्लायच्या चौथऱ्यावर चालणं असेल तर खाली जुनी सतरंजी पसरा, पोकळ आवाज मरतो.

उरलेल्या एक लाख दहा हजारांतले भिंती व जमिनीवर पंचेचाळीस, हातातल्या वस्तूंवर पंचवीस, कागद-पाट्यांवर दहा, मजुरी आणि टेम्पोवर वीस हजार, असं वाटप बसतं. उरलेल्या दहा हजारांना शूटिंगच्या पहिल्या दिवसापर्यंत हात लावू नका, काहीतरी मोडतंच. पहिले दोन दिवस ते पान, झाडलोट आणि सनबोर्डचं छोटं मॉडेल (पाव इंचाला एक फूट धरा). सहाव्या दिवसापर्यंत फ्लॅट उभे आणि पुट्टी, नवव्यापर्यंत रंग, दहाव्याला मांडामांड. वस्तूंचं काम दुसऱ्या दिवसापासून समांतर चालू द्या. अकराव्या दिवशी तीच लेन्स, तेच दिवे, तेच कपडे घेऊन पुन्हा टेस्ट, आणि ती फोनच्या पडद्यावर नाही, मोठ्या टीव्हीवर बघा. पुढचे दोन दिवस दुरुस्तीला, चौदावा मोकळा.

एक शेवटचं, कुलपांबद्दल. ड्रमांच्या झाकणांना खरी कुलपं लावा, ती खोटी लगेच ओळखू येतात. पण प्रत्येकाची दुसरी चावी फ्लॅटच्या मागच्या बाजूला, आकडा टाकून, खिळ्याला टांगलेली असू द्या. टेकच्या मधे चावी हरवली तर तेवढ्यासाठी ग्राइंडर आत आणावा लागेल, आणि तो का आणायचा नाही हे वर सांगितलंच आहे.